पल्ली, हल्ली, पाल

करजगीत दिवेलागणीला भिंतीवर जो जीव उतरतो, त्याला एका दारात पाल म्हणतात आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या दारात हल्ली. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातलं हे गाव. खाली भीमा, एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला गाणगापूर. 1956 पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला, आणि माणसं आधी बोलत होती तशीच दोन्ही भाषा बोलत राहिली. लहानपणी आजीच्या घरी शेजारची बाई दारातून ओरडायची, ‘हल्ली बंतु!’ मला वाटायचं, ती कोणीतरी अलीकडे आल्याचं सांगते आहे. ती पालीबद्दल बोलत होती. आजी झाडू घेऊन उठायची, पण मारायची नाही. भिंतीवर झाडू आपटून पालीला देवळीतून आढ्याकडे हुसकायची आणि म्हणायची, ‘राहू दे, आपल्याआधी ती होती घरात.’

आजीचं ते वाक्य मी कितीतरी वर्षं बोलण्यातली एक रीत समजत होतो. ते खरं निघालं, आणि नुसत्या त्या घरापुरतं नाही. पालीचा माग काढायला बसलो आणि तो शब्दापासून सुरू होऊन दगडापर्यंत गेला.

आधी शब्द. कानडीत हळ्ळी म्हणजे खेडं आणि हल्ली म्हणजे पाल. फरक एका ळचा. पण दोन्ही शब्दांच्या तोंडी जो ह आहे, तो मूळचा नाही. जुन्या कानडीत तिथे प होता. दूध आज हालु आहे, ते पूर्वी पालु होतं. वाघ हुलि, तो पुलि. साप हावु, तो पावु. दहा म्हणजे हत्तु, तेही पत्तु. दहाव्या शतकापासून पुढच्या तीन-चारशे वर्षांत कानडीने शब्दाच्या सुरुवातीचा प हळूहळू सोडला आणि ह धरला. याच कलबुर्गी जिल्ह्यात, कागिणा नदीच्या काठी मळखेड आहे. राष्ट्रकूटांची मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारात तिथे ‘कविराजमार्ग’ लिहिला गेला, कानडीतला हाती असलेला सर्वांत जुना ग्रंथ. त्या काळच्या कानडीत हा प अजून शाबूत होता. म्हणजे मळखेडच्या वाड्यात भिंतीवर जी यायची ती हल्ली नव्हे, पल्लि. तमिळमध्ये ती आजही पल्ली आहे आणि तेलुगूत बल्ली.

संस्कृतातही पल्ली आहे. तो शब्द दक्षिणेकडच्या भाषांतून तिकडे गेला असावा, असं मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे, आणि मलाही ते पटतं. संस्कृताकडे स्वतःचे शब्द होतेच. अमरकोशात सरट आणि कृकलास यांच्या शेजारी मुसली आणि गृहगोधिका हे शब्द दिले आहेत. सरटाचा आपला सरडा झाला. गृहगोधिका म्हणजे घरातली घोरपड. किती नेमकं नाव! पण ते पोथीत राहिलं आणि बोलीत पल्ली चालली. प्राकृतातून मराठीत येताना जोडाक्षर सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो. हत्थचा हात झाला, सप्पचा साप, रत्तीची रात. तशीच पल्लीची पाल.

म्हणजे करजगीच्या त्या दोन दारांत दोन शब्द नाहीतच. दक्षिणेतला एक शब्द सरळ कानडीतून खाली आला आणि हल्ली झाला. तोच शब्द संस्कृत-प्राकृताचा वळसा घेऊन मराठीत आला आणि पाल झाला. दोघे हजारेक वर्षं फिरून एकाच भिंतीच्या दोन बाजूंना येऊन थांबले. सीमाभागात भाषेवरून काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र या गावात ही भिंत आधी आठवते.

पालीच्या आवाजाचाही माग जुना आहे. बंगालीत तिला टिकटिकी म्हणतात, मलाया-जावात चिचाक. दोन्ही नावं तिच्या आवाजावरून पडलेली. इंग्रजीतला गेको हा शब्दही मलाय भाषेतून, एका मोठ्या पालीच्या हाकेवरून आला. मराठीने नाव आवाजावरून ठेवलं नाही, आवाजासाठी क्रियापद ठेवलं. पाल चुकचुकते. आणि मग ते क्रियापद भिंतीवरून उतरून माणसाच्या मनात गेलं. शंकेची पाल मनात चुकचुकते, असं आपण म्हणतो. बोलणं चालू असताना पाल चुकचुकली की जमिनीवर बोटं टेकून टकटक करणारी माणसं मी पाहिली आहेत, ‘कृष्ण कृष्ण’ म्हणणारीही. पालीच्या आवाजात शकुन पाहण्याची रीत दक्षिणेत फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ संघम कवितेत घरी वाट पाहणाऱ्या बायका पालीच्या आवाजावर शुभाशुभ ठरवतात.

पुढे आवाजाइतकंच तिच्या पडण्याला महत्त्व आलं. पंचांगात पल्लीपतनाचं फळ छापलेलं असतं: डोक्यावर पडली तर काय, कपाळावर, खांद्यावर, पायावर पडली तर काय, पुरुषाला उजवं अंग कसं आणि बाईला डावं कसं. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ देवळात छतावर सोन्याची आणि रुप्याची पाल आहे. तिला हात लावला की पल्लीदोष जातो, या श्रद्धेने लोक रांग लावतात. आमच्याकडे पाल अंगावर पडली की अंघोळ, एवढंच होतं. या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. शेकडो वर्षं पाल माणसाच्या अंगावर कुठे पडते याची बारीक नोंद आपण ठेवली, पण ती इतकी क्वचित का पडते, हे कोणी विचारलं नाही.

ती पडत नाही तिच्या बोटांमुळे. तिच्या गणाचं शास्त्रीय नाव हेमिडॅक्टिलस, म्हणजे अर्धबोटी. बोटाचा मागचा भाग रुंद, पानासारखा पसरलेला. त्याच्या खाली आडव्या पट्ट्या, बहुतेक पट्ट्या मधोमध दुभंगलेल्या, आणि त्या पानातून बोटाचं शेवटचं बारीक पेर नखासकट मोकळं वर उठलेलं. इंग्रजीत म्हणूनच अशा पालींना पानबोटी म्हणतात. काचेच्या तावदानाच्या पलीकडे पाल बसली असेल तर हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं. लहान मुलांना दाखवावं असं ते दृश्य आहे.

पट्ट्यांवर काय आहे ते मात्र डोळ्याला दिसत नाही. तिथे केसांसारखे तंतू आहेत. टोके नावाच्या मोठ्या आशियाई पालीच्या एका पायावर असे सुमारे पाच लाख तंतू मोजले गेले. प्रत्येक तंतू मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, आणि त्याच्या टोकाला शेकडो सूक्ष्म चपटी टोकं. त्यात डिंक नाही, चिकट पाझर नाही, हवा ओढून धरणारी वाटी नाही. 2000 साली केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच तंतू वेगळा काढून त्याची ओढ मोजली. दोन वर्षांनी त्यांनी दाखवलं की ही पकड व्हॅन डर वाल्स बलाची आहे. दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले की रेणूंमध्ये जी क्षीण ओढ निर्माण होते, तीच लाखो ठिकाणी एकदम. पाय उचलताना पाल बोटं टोकाकडून वर वळवत सोलून काढते, म्हणून पकड क्षणात सुटते. चालताना धूळही झडते. मातीच्या भिंतीवर, शहाबादी फरशीवर, चुन्यावर, काचेवर, सगळीकडे तोच पाय चालतो.

हा पाय किती जुना? म्यानमारमध्ये सापडलेल्या राळेच्या एका गोळ्यात पालीचा पाय अडकलेला आहे. 2008 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. वय सुमारे 10 कोटी वर्षं, आणि बोटांखाली पट्ट्या आहेत. आता आपल्या पायाखाली पाहा. अफझलपूर, अक्कलकोट, सोलापूर हा सगळा काळ्या कातळाचा प्रदेश आहे. हा कातळ म्हणजे लाव्हा, आणि तो वाहिला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. ज्या दगडाला आपण जगातली सर्वांत जुनी गोष्ट समजतो, त्याच्याहून भिंतीला धरणारा हा पाय जुना आहे. आजीला हे सांगता आलं नाही, याची हळहळ वाटते.

रात्रीचं जगणंही असंच खोलवर गेलेलं आहे. पालीला पापणी नाही. डोळ्यावर पारदर्शक आवरण असतं आणि ते ती जिभेने चाटून साफ करते. पालींचे पूर्वज दिवसा वावरणारे होते आणि अंधारात पाहण्यासाठी लागणाऱ्या पेशी त्यांनी गमावल्या होत्या, असं मानतात. पुढे रात्री वावरायला लागल्यावर त्यांनी उरलेल्या, रंग ओळखणाऱ्या पेशीच मोठ्या आणि तीक्ष्ण केल्या. त्याचा परिणाम असा की आफ्रिकेतल्या एका निशाचर पालीला मंद चांदण्यासारख्या उजेडात रंग कळतात, हे 2004 साली प्रयोगाने दिसलं. त्या उजेडात आपल्याला सगळं करडं दिसतं. रंग ओळखण्याच्या बाबतीत त्या डोळ्याची संवेदनशीलता आपल्यापेक्षा 350 पट धरली जाते.

कलबुर्गीच्या मे महिन्यात रात्रीचा जीव असण्यात शहाणपण आहेच. दुपारी पारा बेचाळिसाच्या वर जातो. पाल दिवसभर माळवदाच्या वाशांत, भेंड्यांच्या फटीत, कडब्याच्या गंजीत राहते. सूर्य मावळल्यावर फरशी आणि भिंत तापलेलीच असते. त्या उबेला पोट लावून ती शिकारीला निघते. तिची ऊब दगडाकडून येते, उन्हाकडून नाही.

तिच्या शास्त्रीय नावांचा इतिहास मात्र सरळ नाही, आणि तो आपल्याकडून फारच कमी लिहिला गेला. घरात दिसणारी मोठी, फिकट, पिवळसर पोटाची पाल, हेमिडॅक्टिलस फ्लॅव्हिविरिडिस, हिला रुपेलने 1835 साली नाव दिलं ते तांबड्या समुद्रातल्या मसावा बेटावरच्या नमुन्यांवरून. चुकचुकणारी सडपातळ घरपाल, फ्रेनॅटस, हिचं वर्णन 1836 मध्ये जावाच्या नमुन्यांवरून झालं. तिसरी, ठिपक्याठिपक्यांची आणि पाठीवर दाणे असलेली, भारतभर ब्रुकाय या नावाने ओळखली गेली. ते नाव ग्रेने 1845 मध्ये बोर्निओच्या पालीला दिलं होतं, सारावाकच्या ब्रूकवरून. कितीतरी वर्षं दख्खनच्या पडवीतली पाल बोर्निओच्या नावाने वह्यांत लिहिली जात होती.

या गुंत्यात एक जोडी मला आवडते. कराचीच्या वस्तुसंग्रहालयात काम करणाऱ्या मरेने 1884 मध्ये एका पालीला ग्लेडो या वनअधिकाऱ्याचं नाव दिलं. तीन वर्षांनी ग्लेडोने डांगच्या जंगलातल्या दुसऱ्या एका पालीला मरेचं नाव दिलं. पुढच्या ग्रंथकारांनी ही दोन्ही नावं ब्रुकायमध्ये जमा करून टाकली. 1935 साली माल्कम स्मिथचा सरड्या-पालींवरचा मोठा खंड आला आणि नंतर कितीतरी वर्षं तोच प्रमाण होता. 2011 मध्ये स्टीफन माहोनी यांनी ब्रुकायचे मूळ नमुने पुन्हा तपासले. 2016 मध्ये अपर्णा लाजमी, वरद गिरी आणि प्रवीण कारंत यांनी जनुकं आणि खवले दोन्ही बाजूंनी हा गट सोडवला. मरे आणि ग्लेडो परत आपापल्या जागी आले.

एका भारतीयाने पालीकडे चिकाटीने पाहिलं ते 1930 च्या दशकात. आग्र्याच्या बेनीचरण महेंद्र यांनी घरपालीचं शरीर, सवयी, अंडी यांवर 1936 पासून लेख प्रसिद्ध केले. दारात, भिंतीवर, रोज दिसणाऱ्या प्राण्यावर कोणी आयुष्यातली वर्षं घालवावीत, याबद्दल त्यांच्याविषयी आदर वाटतो.

आणि मग 2010 साली आजीचं वाक्य शास्त्रात आलं. रोहिणी बन्सल आणि प्रवीण कारंत यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून भारतीय हेमिडॅक्टिलसांची वंशावळ मांडली. त्याच वर्षी ॲरन बाउर, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं. भारतीय उपखंडातल्या या पाली म्हणजे बाहेरून तुकड्यातुकड्याने आलेली पाहुणी मंडळी नाहीत. त्यांचा मोठा गोतावळा इथेच फुटला, इथेच वाढला. आशियाभर घराघरांत दिसणाऱ्या पालींचं मूळही भारतातच निघालं. पुढे लाजमी आणि कारंत यांनी या फुटव्याचा संबंध इओसीन-ऑलिगोसीन काळात पृथ्वी थंड होत गेली त्याच्याशी जोडला. तो काळ म्हणजे सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा घर नव्हतं, भिंत नव्हती, माणूस नव्हता.

मग भिंतीवरच्या पाली कोण? गोतावळ्यातल्या दोन-चार धीट बहिणी. बाकीच्या अजून बाहेरच आहेत. जगात या गणाच्या पावणेदोनशेहून अधिक जाती आहेत, त्यांपैकी भारतात पन्नासच्या घरात, आणि त्यांतल्या बहुतेकींनी कधी घराचा उंबरा ओलांडलेला नाही. वडाच्या, चिंचेच्या सालीवर सालीसारखीच दिसणारी लेशेनॉल्टाय राहते. वारुळाच्या आसपास, काळसर आडव्या पट्ट्यांची ट्रायड्रस राहते. तिला डॉडँने 1802 मध्येच नाव दिलं होतं. वऱ्हाडाच्या आग्नेयेकडून ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञाने 1870 मध्ये ग्रॅसिलिस नोंदवली. नावाचा अर्थच सडपातळ. ही बोटभर पाल जमिनीवरची, माळरानावर दगडाखाली दिवस काढणारी. भिंत चढण्याची तिला गरज पडत नाही आणि तिच्या बोटांची पानंही तशी अरुंदच.

अलीकडच्या वर्षांत तर यादी भराभर वाढली. 2008 साली साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरून सातारेन्सिस आली. 2018 मध्ये हंपीच्या खडकांतून सिवा आणि बागलकोटकडच्या माळावरून विजयराघवनाय आली. 2019 मध्ये आंबोलीच्या एका पालीला वरद गिरींचं नाव मिळालं. हंपी आणि बागलकोट करजगीपासून फार लांब नाहीत. तोच कोरडा दख्खन, तशीच बाभळ, तसाच माळ.

घरात शिरलेल्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. पालीची अंडी बहुधा दोन, आणि कवच चुन्याचं, टणक. फटीत चिकटवलेली अशी अंडी कोरड्या हवेत टिकतात, लाकडाच्या ओंडक्यात, जहाजाच्या मालात टिकतात. फ्रेनॅटस अशीच माणसाच्या मागे पॅसिफिकच्या बेटांपर्यंत आणि अमेरिकेपर्यंत गेली. तिथल्या दिव्यांखाली तिने आधीच्या पालींना मागे सारलं. मस्करीन बेटांवर तर मूळच्या पाली आडोशाच्या जागांवरून हटल्या. इकडची गरीब पाल तिकडे दांडगी ठरते.

दिव्याने इकडेही बरंच बदललं. आजीच्या घरी कंदील होता तोवर पाली विखुरलेल्या असत: एक देवळीत, एक चुलीच्या वर. वीज आली आणि बल्बभोवती त्यांची हद्द ठरली. मृगाचा पहिला पाऊस पडून पंख फुटलेली वाळवी दिव्यावर आली की त्या रात्री भिंतीवर सहा-सात पाली मोजता येत. मोठी बल्बच्या लगत, लहान कडेला, आणि एखादी शेपूट नसलेली. तुटलेली शेपूट मणक्याच्या सांध्यात तुटत नाही, मणक्याच्या मध्येच असलेल्या नैसर्गिक भेगेत तुटते. नवी वाढते तिच्यात मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. म्हणून नवी शेपूट ओळखू येते, जरा गुळगुळीत, जरा वेगळ्या रंगाची.

पाल विषारी आहे, ही समजूत आजही दोन्ही दारांत आहे. भारतातल्या कुठल्याही पालीला विषग्रंथी नाही. तिच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून पाल पडलेलं अन्न टाकून द्यावं, ते बरोबरच आहे. पण भिंतीवरच्या पालीला मारायला त्यामुळे काही कारण मिळत नाही. डास, पतंग, झुरळ, वाळवी खाऊन ती जगते.

करजगीच्या त्या घराचं माळवद आता उतरलं आहे, वर स्लॅब आला आहे. तरी पाल आहे. घरातल्या पालीची मला काळजी वाटत नाही. ती माणसाबरोबर कुठेही निभावते. काळजी वाटते ती माळावरच्या पालीची, ग्रॅसिलिस आणि ट्रायड्रससारख्यांची. माळाला आपण पडीक म्हणतो. तिथला मुरूम उपसतो, दगड गोळा करून बांधाला लावतो किंवा खडी करतो. त्या दगडांखालीच तिची सावली आहे, तिची दोन अंडी आहेत, आणि दिवस काढण्यापुरता ओलावा आहे.

कधी माळावर गेलात आणि कुतूहलाने एखादा दगड उलटलात, तर खाली पाहा. बोटभर पाल दिसली तर तिला पकडू नका. तिचा दगड होता त्याच जागी, होता त्याच बाजूने, हलक्या हाताने परत ठेवा.